अप्पांनी बाल्कनीचं दार घट्ट बसवलं

बाल्कनीच्या दाराचं हँडल सैल झालंय, ही बातमी अप्पांनी अशा सुरात जाहीर केली, की जणू त्या हँडलने त्यांना न विचारता परस्पर राजीनामा दिला होता.

"कंपनीतलाच दोष आहे," ते म्हणाले. "माल हलका. त्याला आपण काय करणार?"

काकू सॅक्सोफोन पुसत बसल्या होत्या. काकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. एकही पुतण्या नसताना अख्खी इमारत त्यांना काकू म्हणते. त्या मान वर न करता म्हणाल्या, "दोष कंपनीचा नाही. रोज संध्याकाळी तुम्ही ते दार जसं ओढून घेता ना, तसं ओढलं तर बँकेच्या तिजोरीचं हँडलसुद्धा हातात येईल."

यात तथ्य होतं, म्हणून अप्पांना ते जास्तच लागलं.

काकू शाळेत मुख्याध्यापिका होत्या. सगळी नोकरी पोरांना 'शांत बसा' म्हणण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं, तर सॅक्सोफोन विकत आणला. अप्पांची कल्पना होती की बायको आता फार तर विणकाम करेल. विणकामाला आवाज नसतो. सॅक्सोफोनला असतो, आणि शिकाऊ हातातल्या सॅक्सोफोनला तर फारच असतो. खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी कमिटीकडे तक्रार केली. कमिटीने चर्चा करून तोडगा काढला, की काकूंनी दिवाणखान्याच्या बाल्कनीला दुहेरी काचेचं दार बसवावं आणि ते बंद करून काय ते वाजवावं. त्याप्रमाणे दार बसलं. दोन काचा, मध्ये कोंडलेली हवा, कडेने जाड रबर. हँडल वर फिरवलं की दाराच्या कडेतली एक लांब पट्टी सरकायची, तिचे आकडे चौकटीत अडकायचे आणि दार रबरावर असं दाबलं जायचं की आतला आवाज आत आणि बाहेरचा बाहेर.

आता अप्पांच्या रुसण्याविषयी. काही माणसं रुसली की बोलणं टाकतात, काही जेवण टाकतात. अप्पा बाल्कनीत जातात. तिथे त्यांची एक वेताची खुर्ची आहे. ते बाहेर जातात, दार धाडकन ओढून घेतात, हँडल वर फिरवतात आणि घराकडे पाठ करून बसतात. घरातला नियम असा, की त्यांना कुणीही समजवायला जायचं नाही. राग उतरला की ते आपणहून आत येतात आणि "चहा झाला का?" असं विचारतात. या प्रश्नाचा अर्थ प्रकरण मिटलं असा घ्यायचा असतो. काकूंनी हा नियम लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकून घेतला होता, लेकीला शिकवला, पुढे जावयालाही समजावून सांगितला. पूर्वी हे रुसणं अधूनमधून व्हायचं. सॅक्सोफोन आल्यापासून ते रोज संध्याकाळी होऊ लागलं, आणि तो भार त्या बिचाऱ्या हँडलवर पडला.

हँडल सैल झालं, आकडे अडकेनात, दार नुसतं लोटलेलं राहू लागलं. फटीतून सॅक्सोफोन निसटला आणि थेट वकीलसाहेबांच्या बाल्कनीत उतरला. कमिटीचे सेक्रेटरी वर आले. चांगला माणूस, पण कमिटीच्या कामाला निघाला की त्याचा आवाज बदलतो.

"रविवारी सकाळी प्रत्यक्ष पाहणी," ते म्हणाले. "काकू इथे वाजवतील. मी वकीलसाहेबांच्या बाल्कनीत उभा राहून ऐकेन. ऐकू आलं, तर परवानगी रद्द. माझा नाइलाज आहे."

सेक्रेटरी गेल्यावर काकूंनी सॅक्सोफोन पेटीत ठेवून दिला. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमात मला वाजवायचंय. माझे जुने विद्यार्थी येणार आहेत. ज्यांना मी जन्मभर गप्प बसवलं, त्यांच्यासमोर एकदा मला आवाज करायचाय. सराव बंद झाला तर संपलंच."

अप्पांना सॅक्सोफोन आवडत नव्हता, हे खरं. पण बायकोचा चेहरा असा पडलेला त्यांना त्याहून आवडत नव्हता. ते उठले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "कुणा कारागिराला बोलवायचं नाही. हे दार मी दुरुस्त करणार."

अप्पांनी सगळी नोकरी नगररचना खात्यात नकाशे तपासण्यात काढली होती. लोकांच्या घरांची दारं कुठे असावीत आणि कुठल्या बाजूला उघडावीत, हे त्यांनी लाल पेन्सिलीने ठरवलं होतं. स्वतःच्या हाताने त्यांनी एकही दार बसवलेलं नव्हतं, पण ही गोष्ट त्यांना अडचणीची वाटली नाही.

सुरुवात रीतसर झाली. त्यांनी दार बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज इतका गोड होता की अप्पांनी आधी तिची विचारपूस केली.

"सर, तक्रार नोंदवण्यासाठी दाराचा फोटो लागेल," ती म्हणाली. "दार पूर्ण बंद स्थितीत असलेला."

"अहो बाई, दार बंद होत नाही, हीच तर तक्रार आहे."

"हो सर. पण उघड्या दाराचा फोटो आमची सिस्टिम घेत नाही."

"मग ज्याचं दार बंद होत नाही त्याने काय करावं?"

"दार बंद करून फोटो पाठवावा, सर."

अप्पांनी खात्यात असताना असली उत्तरं स्वतः दिली होती, पण ती ऐकायला कशी लागतात हे त्यांना आजच कळलं.

मग ते हार्डवेअरच्या दुकानात गेले. हात हलवत जाणारे ते नव्हेत. त्यांनी रात्रभर खपून हँडलचा नकाशा काढला होता, वरून, समोरून आणि आडवा छेद घेऊन. दुकानदाराने तो कागद काउंटरवर पसरला, एकदा सरळ धरून पाहिला, एकदा उलटा, आणि अत्यंत आदराने विचारलं, "बांधकाम कुठे चालू आहे?"

"हे हँडल आहे."

"हँडल घेऊन आला असता तरी चाललं असतं, काका."

अप्पा तडक घरी आले आणि बाल्कनीत जाऊन बसले. दार धाडकन ओढायला गेले तर ते नीट आपटेना, त्यामुळे रुसण्याचीही मजा गेली.

एव्हाना बातमी इमारतभर झाली होती आणि सल्ल्यांचा ओघ सुरू झाला होता. समोरच्या वहिनी मेणबत्ती घेऊन आल्या आणि "पट्टीवर घासा, माझ्या कपाटाचा खण याच्यानेच सुटला" म्हणाल्या. अप्पांनी घासलं. दार पूर्वी नुसतं सैल होतं, ते आता सैल आणि गुळगुळीत झालं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी जिन्यात थांबून सगळं शांतपणे ऐकून घेतलं, जिभेने 'च्च' केलं आणि दाराला थोडी विश्रांती द्यायला सांगितलं. सेक्रेटरींनी खासगीत सुचवलं की रविवारी काकूंनी जरा हळू फुंकावं. हे काकूंना कळलं तेव्हा त्यांनी सेक्रेटरींकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने पूर्वी अख्खे वर्ग जागच्या जागी बसत असत.

शेवटी दोष अप्पांनाच सापडला, हे मान्य करायला हवं. हँडलचे स्क्रू झिजले होते. ते आखूड होते, आणि आखूड स्क्रूवर अप्पांचा मुळातच विश्वास नव्हता. त्यांनी दिवाणखान्यातल्या सोफ्याचे दोन स्क्रू काढून घेतले. चांगले बोटभर लांब. असा स्क्रू एकदा आत गेला की हँडलची हलायची काय बिशाद.

रविवारी सकाळी त्यांनी ते स्क्रू पिळायला घेतले. पहिला सहज गेला. दुसरा अर्ध्यावर कशाला तरी अडला. समजूतदार माणूस इथे थांबला असता. अप्पांनी दातओठ खाऊन जोर लावला आणि स्क्रू आत घातलाच. हँडल खडकासारखं घट्ट बसलं.

काकू लांबून बघत होत्या. "तरी कुणाला तरी बोलवायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"माझ्यावर भरवसा नाही?"

"तुमच्यावर आहे. सोफ्याच्या स्क्रूवर नाही."

"बरं. मग आता दाखवतोच," असं म्हणून अप्पा तरातरा बाल्कनीत गेले, दार ओढलं आणि बाहेरचं हँडल वर फिरवलं. खट्. असा सुरेख आवाज त्या दाराने नवं असतानाही काढला नव्हता. दार रबरावर चपखल बसलं. आत टेबलावर अप्पांचा फोन होता. कंपनीची रांग धरून तो सकाळपासून तेच ते संगीत वाजवत होता. तेही ऐकू येईनासं झालं. अप्पांनी स्वतःशीच मान डोलावली, आत जाऊन बायकोला चार शब्द सुनावायचे म्हणून हँडल खाली फिरवलं, आणि हँडल, त्यातल्या चौकोनी दांडीसकट, अलगद त्यांच्या हातात आलं.

झालं होतं ते एवढंच, की सोफ्याचा लांब स्क्रू लॉकच्या पोटात शिरला होता, आणि वर सरकलेली पट्टी त्याच्या टोकात अडकून तिथेच टाचली गेली होती. दार इतकं बंद झालं होतं, जितकं ते बनवणाऱ्यांनीही कधी बंद केलं नसेल.

अप्पांनी काचेवर थाप मारली. ऐकू जाईना. जोरात मारली. काकू वळल्या. त्यांना काय दिसलं? काचेपलीकडे नवरा उभा आहे, चेहरा लाल आहे, तोंड भराभर हलतंय आणि हातात हँडल उगारलेलं आहे. भांडण अजून संपलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी घेतला. आज, या दिवशीसुद्धा हा माणूस रुसून बसतो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. पण नियम तो नियम. त्यांनी शांतपणे पडदा ओढून घेतला.

अप्पा पडद्याकडे बघत राहिले. आपणच घालून दिलेला नियम इतका कडेकोट पाळला जातो, याचा त्यांना आजवर अभिमान होता.

आता ओरडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी कठड्याशी येऊन छातीत श्वास भरला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात बरोबर खालून सेक्रेटरींचा आवाज आला. कमिटीचा आवाज.

"काकूंचा फोन आला होता. आता सुरू करतायत. वकीलसाहेब, कान देऊन ऐका. वरून काहीही आवाज आला तर मी नोंद करणार."

अप्पांनी तोंड मिटलं. भरलेला श्वास त्यांनी नाकावाटे थोडा थोडा करून सोडला. वरून आवाज येऊन चालणार नव्हतं. कुठलाच.

ते चवड्यांवर चालत खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत. वेताची खुर्ची करकरते. पडद्याची एक कड नीट जुळली नव्हती, त्या फटीतून त्यांना काकू दिसत होत्या. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, पाय ताल धरत होता. आवाज काही येत नव्हता. आवाज नसला की ही बाई वाजवताना किती खुशीत दिसते, हे अप्पांनी पहिल्यांदाच पाहिलं. आजवर त्या वेळी त्यांची पाठ असायची.

खाली वकीलसाहेब म्हणाले, "काहीच ऐकू येत नाही की."

"अप्पांनी स्वतः दुरुस्त केलंय म्हणे दार."

"मग संध्याकाळपर्यंत निखळेल."

अप्पांच्या मानेची शीर ताठ झाली. कुणी काही बोललं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं, असं नोकरीतही कधी झालं नव्हतं. साहेबांनासुद्धा त्यांनी जागच्या जागी उत्तरं दिली होती. त्यांनी हातातलं हँडल आणखी आवळलं.

"एक सांगू का," वकीलसाहेब पुढे म्हणाले, "त्या बाईंच्या वाजवण्याचा मला तसा त्रास नव्हता. सुधारतायत त्या. मधेमधे तर बरं वाजवतात. मला त्रास आहे तो त्यांच्या नवऱ्याचा. रोज संध्याकाळी धाडकन दार आपटतो. माझ्या डोक्यावर. हातातला चहा सांडतो माझा."

"मग तक्रारीत तसं का नाही लिहिलंत?"

"दार आपटण्याविरुद्ध आपल्या नियमांत काही नाही. वाद्याविरुद्ध आहे. जिथे कलम, तिथे तक्रार."

अप्पांच्या ओठांवर एकाहून एक उत्तरं आली. चहा सांडणाऱ्या हातांबद्दल एक होतं, वकिलीबद्दल दोन होती, आणि एक तर इतकं झकास होतं की ते न वापरणं हा स्वतःवरचा अन्याय होता. त्यांनी पडद्याच्या फटीतून आत पाहिलं. काकूंचा पाय अजून ताल धरत होता. अप्पांनी ते झकास उत्तर गिळलं. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी कामगिरी होती आणि ती बघायला एका कबुतराशिवाय कुणीही नव्हतं. ते कठड्यावर येऊन बसलं होतं आणि मान तिरकी करून त्यांना निरखत होतं. ते घुमू नये म्हणून अप्पांनी त्याला हात जोडले.

"पुरे झालं," शेवटी सेक्रेटरी म्हणाले. "मुंगीच्या पावलाएवढाही आवाज नाही. परवानगी कायम. दाराची सध्याची स्थिती बदलू नये, एवढी अट घालतो. करा सही."

खाली कागद सळसळला. अप्पांनी कान टवकारले. सही झाल्याची, पेनला टोपण लागल्याची खात्री होईपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी शर्ट ठीकठाक केला, केसांवरून हात फिरवला, कठड्यावरून वाकून खाली पाहिलं आणि कार्यालयीन सौजन्याने म्हणाले, "नमस्कार वकीलसाहेब. आपल्याकडे शिडी आहे का?"

खाली पेन पडल्याचा आवाज आला.

शिडी मिळाली. अप्पा स्वतःच्या बाल्कनीतून वकीलसाहेबांच्या बाल्कनीत उतरले, आणि ते बघायला समोरच्या वहिनींपासून वरच्या डॉक्टरांपर्यंत सगळे आपापल्या कठड्याशी आले. "उजवा पाय, उजवा," असं डॉक्टर वरून सांगत होते. हँडल अप्पांनी हातातून सोडलं नव्हतं. वकीलसाहेबांनी शिडी धरली होती, पण नजर मात्र जमिनीला लावली होती.

"तुम्ही... सगळा वेळ वरच होतात?" त्यांनी विचारलं.

"होतो."

"काही ऐकू वगैरे आलं का?"

"दुहेरी काच आहे, वकीलसाहेब."

"पण तुम्ही काचेच्या बाहेर होतात."

"हो," अप्पा म्हणाले. "दार आपटण्याविरुद्ध नियम नाही, एवढं कानावर आलं." आणि ते ताठ मानेने त्यांच्या दिवाणखान्यातून चालत दाराबाहेर पडले.

वर जाऊन त्यांनी स्वतःच्याच घराची बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, समोर अप्पांना पाहिलं, वळून पडद्याकडे पाहिलं, पुन्हा अप्पांकडे पाहिलं.

"तुम्ही बाल्कनीत होतात ना?"

"होतो," अप्पा म्हणाले. "चहा झाला का?"

काय घडलं ते काकूंना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी आतलं हँडल फिरवून पाहिलं. ते नुसतंच गोल फिरत होतं. "अहो, मग ओरडला का नाहीत?" त्यांनी विचारलं.

"तुझं वाजवणं चालू होतं."

काकू आधी हसल्या, मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदाच आपल्यासाठी गप्प बसला होता, आणि तेही रुसलेला नसताना.

दाराचं पुढे काही झालं नाही. कुलूपवाला येऊन बघून गेला. उघडायचं तर काच कापावी लागेल, असं त्याने सांगितलं. काकू म्हणाल्या, कमिटीची अट आहे, राहू दे. मात्र दार आता पूर्ण बंद स्थितीत होतं, म्हणून अप्पांनी त्याचा एक छान फोटो काढून कंपनीला पाठवला. थोड्याच वेळात उत्तर आलं, की फोटोत दार व्यवस्थित बंद दिसत असल्यामुळे आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

संध्याकाळ झाली. काकूंनी सॅक्सोफोन काढला आणि पहिला सूर लावला. तो जरा घसरलाच. अप्पा सवयीने उठले, तरातरा बाल्कनीच्या दाराशी गेले, हँडल खाली फिरवलं. ते गोल फिरून परत आपल्या जागी आलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, तर पुन्हा तेच.

"बसा की," काकू म्हणाल्या. "इथेच रुसून बसा हवं तर. मी बघणार नाही तुमच्याकडे."

अप्पा सोफ्यावर बसले. सोफा एका बाजूला कलला, कारण त्याचे स्क्रू आता दारात होते. काकूंनी डोळे मिटून पुन्हा वाजवायला घेतलं. दार घट्ट होतं. एकही सूर बाहेर जात नव्हता, सगळेच्या सगळे खोलीत फिरून अप्पांपाशी येत होते. काचेपलीकडे त्यांची वेताची खुर्ची दिसत होती. तिच्यावर सकाळचं ते कबूतर घराकडे पाठ करून बसलं होतं, आणि त्याला काहीही ऐकू येत नव्हतं.